निळ्या टाक्यांची चौकशी

ते चार दिवस माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. ह्या हकिकतीत खून नाही, दरोडा नाही. साधा गुन्हाही दाखल झाला नाही. तरी एका माणसाचं आयुष्यभराचं काम गेलं, आणि ते माझ्या ठाण्यातल्या बाकड्यावर गेलं. नाव मी कोणाचंच देणार नाही. स्वतःची चूक मात्र पूर्ण सांगणार आहे.

सकाळची हजेरी संपली होती. ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना माझ्याकडे पाठवलं. गिरगावात औषधाच्या दुकानावर काम करणारे, चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले. हातात जाड फाईल. फाईलमध्ये फौजेच्या गणवेशावर शिवतात त्या भरतकामाच्या बिल्ल्यांचे मोठे केलेले फोटो. प्रत्येक फोटोवर लाल पेनाने काढलेला गोल.

"साहेब, आमचा ऑनलाईन ग्रुप आहे. सैन्याच्या चिन्हांमागचे छुपे अर्थ शोधतो आम्ही."

"कसले छुपे अर्थ?"

"सिंहाचं तोंड डावीकडेच का? पंखाला पिसं सातच का? उगाच काही नसतं साहेब. आता हे बघा."

लाल गोलात निळ्या दोऱ्याचे बारीक टाके होते. बिल्ल्याच्या अगदी खालच्या कडेला. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. पलटणी वेगवेगळ्या, टाके मात्र सगळीकडे. मूळ नमुन्यात ते कुठेच नव्हते. ग्रुपचे हजारो सदस्य तीन महिने ह्या टाक्यांमागे लागले होते. एक टाका म्हणजे जमीन, दोन म्हणजे समुद्र, तीन म्हणजे आकाश, असा अर्थ त्यांनी लावला होता. हे बिल्ले परळच्या चाळीतल्या एकाच कारागिराकडून येतात, हेही त्यांनी शोधून काढलं होतं.

"शत्रूला निरोप जातोय साहेब, आपल्याच जवानांच्या अंगावरून." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "कारागिराचं आडनाव वाचलंत ना? मी काही बोलत नाही."

आडनाव मी वाचलं होतं. मीही काही बोललो नाही. तिथेच त्यांना खडसावायला हवं होतं. खुर्चीवर बसलेला माणूस अशा वेळी गप्प राहतो, तेव्हा समोरच्याला परवानगी मिळते. ती मी दिली.

देशाच्या सुरक्षेचा अर्ज बाजूला टाकता येत नाही. स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि कारागिराला बोलावणं पाठवलं. साठीचे, किरकोळ अंगाचे, बोटांना सुईचे घट्टे. आजूबाजूचे लोक त्यांना मास्तर म्हणत.

"जय भीम, साहेब," म्हणून ते उभेच राहिले.

"हे टाके कोणी घातले?"

"आम्हीच. घरात तिघं जण काम करतो. माझा एक टाका, बायकोचे दोन, वहिनीचे तीन. माल परत आला तर कोणाच्या हातचा ते कळायला."

"फौजेच्या बिल्ल्यावर स्वतःची खूण?"

"गणवेशावर शिवताना ती कड आत दुमडली जाते साहेब. बाहेरून दिसतच नाही. ह्या फोटोतले बिल्ले न शिवलेले आहेत."

"हे शिकवलं कोणी?"

"वडिलांनी. ते गिरणीत साच्यावर होते, कापड विणायला. तागा उतरला की काठाला आपला दोरा घालायचे. खोट निघाली तर ज्याची त्याला कळायची."

आमचे हवालदार मालवणकडचे. भिंग लावून त्यांनी बिल्ला उलटासुलटा केला. "सायबानू, माका ह्यात काय दिसना नाय. माझी आवस पन गोधडीक असेच टाके घाली."

मास्तर हसले. मी हसलो नाही. "हवालदार, तुमचं मत कोणी विचारलंय?"

जबाब लिहून घेतला. पण मनात म्हटलं, उत्तर फारच तयार आहे. नोकरीत इतकी खोटी उत्तरं ऐकली होती की खरं उत्तर चटकन आलं त्याचाच संशय आला. मास्तरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, ठाणे अंमलदाराच्या समोरचं बाकडं. तेच प्रश्न, तीच उत्तरं. त्यांचं घर ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. तिथे जाऊन बघावं असं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना ते म्हणाले, "साहेब, किती दिवस बसवायचं तेवढं बसवा. फक्त माझं नाव साफ करून द्या. फौजेचं काम विश्वासावर मिळतं. ते गेलं की आम्ही तिघं बसलो."

"चौकशीत काही निघालं नाही तर घाबरायचं काय कारण?" मी म्हणालो. इतकं पोकळ वाक्य मी नोकरीत दुसरं बोललो नसेन.

कारण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आदल्याच दिवशी औषधवाले गृहस्थ 'अर्जाचं काय झालं' विचारायला ठाण्यात येऊन गेले होते. जाताना त्यांनी बाकड्यावरच्या मास्तरांचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो हजारो फोनवर गेला. खाली ओळ होती, 'मुख्य सूत्रधार पोलिसांच्या ताब्यात'. तीन महिने त्या लोकांकडे पुरावा म्हणून काहीही नव्हतं. पहिला पुरावा त्यांना माझ्या ठाण्याने दिला. हवालदारांनी चौथ्या दिवशी सकाळी तो मला दाखवला, तेव्हा मी टोपी उचलली आणि चालत चाळीत गेलो.

खोलीत लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड होतं आणि मास्तरांच्या वहिनी भरत होत्या. "थांबा, एवढं पान संपवते," मान वर न करता त्या म्हणाल्या. पान संपलं. त्यांनी खालच्या कडेला खट खट खट तीन निळे टाके घातले आणि दोरा दाताने तोडला.

"हे कशाला?" मी विचारलं.

आता त्यांनी वर पाहिलं. "भाऊजींनी सांगितलं नाही होय तुम्हाला? की सांगूनही ऐकलं नाहीत? गेल्या महिन्यात एक बिल्ला परत आला, तो माझा निघाला. चार दिवस टोमणे खाल्ले मी त्यांचे!"

परत आलेले बिल्ले एका डब्यात होते. प्रत्येकावर खूण. मास्तरांच्या पत्नीला मी बाहेर गॅलरीत बसवून एक पान भरायला लावलं. न सांगता त्यांनी दोन टाके घातले. त्यांना फौजेचं काम देणाऱ्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "मला वीस वर्षं माहीत आहे साहेब. त्यांच्या मालात खोट कमी, ती त्या खुणेमुळेच." अर्ध्या तासात चौकशी संपली. पहिल्या दिवशीच्या जबाबातला शब्द न् शब्द खरा होता.

माझे वडीलही लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. घरी आलेल्या कापडाच्या काठाला त्यांचा हिरवा दोरा मी लहानपणी पाहिला होता. मास्तर बोलत होते तेव्हा तो मला आठवला नाही. अधिकारी झालो आणि कुठल्या घरातून आलो ते विसरलो, ह्यापलीकडे त्याला कारण नाही.

औषधवाल्या गृहस्थांना बोलावून सगळं सांगितलं. फोटोबद्दल चांगलं फैलावरही घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमच्यावर दबाव आहे. समजतं मला."

"कोणाचा दबाव? मी स्वतः डोळ्यांनी पाहून आलोय!"

"तुम्हाला जे दाखवलं ते तुम्ही पाहिलंत."

"मग तुम्हाला काय दाखवलं म्हणजे पटेल?"

त्यांनी खरोखर विचार केला. "खरं सांगू साहेब? माहीत नाही."

ते वाईट नव्हते. दुकानात गिऱ्हाईकं त्यांना 'ए भाऊ' म्हणत. ग्रुपवर हजारो माणसं त्यांना 'सर' म्हणत. निळे टाके नुसते टाकेच निघाले असते तर ते पुन्हा 'ए भाऊ' झाले असते. फोटो काही त्यांनी काढून टाकला नाही.

मास्तरांनी लेखी मागितलं. एवढंच, की चौकशी झाली आणि काही आक्षेपार्ह आढळलं नाही. मी वरिष्ठांना विचारलं. "गुन्हाच दाखल नाही, मग निर्दोष असल्याचं पत्र कसलं देता? दप्तरी दाखल करा," ते म्हणाले. मी फाईल बंद केली. खरं तर माझ्या सहीने दोन ओळी देणं माझ्या हातात होतं. मी भ्यायलो. उद्या माझ्या सहीभोवती लाल गोल काढून ते पत्र फोनवर फिरेल आणि जाता जाता माझीच चौकशी लागेल, ही भीती होती. मास्तर आठवडाभर विचारायला येत होते. मग यायचे थांबले.

दोन महिन्यांत ठेकेदाराने काम काढून घेतलं. आता मास्तर शाळांच्या गणवेशाचे बिल्ले मशीनवर करतात. वहिनी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात पॅकिंगला जातात.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते पत्र लिहिलं. साध्या कागदावर, सगळी हकिकत, खाली माझं नाव आणि फोन नंबर. घेऊन स्वतः ठेकेदाराकडे गेलो. त्याने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

"साहेब, माझा कधीच संशय नव्हता. पण वर विचारतात तेव्हा मला कागद दाखवावा लागतो. आणि हा कागद आता एका पेन्शनराचा आहे. तेव्हा शिक्क्यासकट दिला असता तर काम राहिलं असतं."

संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे, त्याची मला लाज नाही. पण घेतलेला संशय परत करायचा असतो. ज्या जागी, ज्या लोकांसमोर तो घेतला, तिथेच, सही-शिक्क्यासकट. आम्हाला घ्यायला शिकवतात, परत करायला कोणी शिकवत नाही, आणि मी स्वतःहून शिकलो नाही. माझ्या हातून सुटलेले चोर पुष्कळ आहेत. त्यांची मला खंत नाही. मास्तर विचारायला येत होते त्या आठवड्यात शिक्का माझ्याच टेबलाच्या खणात होता.