श्रुतीच्या डुलणाऱ्या गोळ्या

"काका, मी ही रायफल विकून टाकते," असं म्हणत श्रुतीने टार्गेटचा कागद माझ्या टेबलावर आपटला.

ठाण्यातल्या एका शूटिंग क्लबात मी आर्मरर आहे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. श्रुती डोंबिवलीची, बँकेत ऑफिसर. पन्नास मीटरवर पॉइंट टू-टू रायफल चालवते. राज्याच्या टीमची निवड रविवारी होती आणि हिच्या गोळ्या वाट्टेल तिथे जात होत्या.

"ट्रिगर झटकतेयस तू," कोच साळवी सर म्हणाले. "टेन्शन घेतलंय हिने, दुसरं काही नाही."

मी कागद उजेडात धरला. भोकं गोल हवीत. यातली काही लांबट होती.

"सर, ट्रिगर झटकला तर गोळी चुकीच्या जागी जाईल, पण भोक गोलच पडेल. ही गोळी डुलत गेलीय."

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते. भोवरा फिरतोय तोवर ताठ उभा राहतो ना, तशी फिरती गोळी नाक पुढे ठेवून जाते. सुटतानाच धक्का बसला तर ती डुलते. मग नेम कितीही चांगला असो, गोळी भरकटते.

पहिला संशय गोळ्यांवर. त्याच डब्यातल्या गोळ्या सरांनी स्वतःच्या रायफलमधून मारल्या. भोकं गोल, एकमेकांना चिकटून. मग श्रुतीची नळी आतून साफ केली. फरक शून्य. शेवटी एक इअरबड घेतला आणि नळीच्या तोंडाच्या कडेवरून फिरवला. एका जागी कापूस अडकला.

"सापडलं! कडेचा टवका उडालाय. गोळी बाहेर पडताना मागचा स्फोटाचा गॅस चहूबाजूंनी एकदम सुटायला हवा. इथे तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो."

"पण रायफल कधी पडलीच नाही हो," श्रुती म्हणाली.

"घरी ठेवतेस कशी?"

ती हसायलाच लागली. "लोखंडी कपाटात, तोंड खाली करून. सासूबाई म्हणतात, वर देवाची तसबीर आहे, देवावर बंदूक रोखायची नाही."

सरांनी कपाळावर हात मारला.

मी ती कड नव्याने कापायला घेतली. हे काम सावकाशीचं. वाकडं कापलं तर टवक्यापेक्षा वाईट. श्रुती शेजारी नखं खात उभी.

"अगं, चहा पिऊन ये जरा," मी तिला हाकललं.

संध्याकाळी तिने पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. सरांनी तिची पाठ थोपटली.

रविवारी ती टीममध्ये आली, शेवटच्या जागेवर का होईना. सासूबाईंनी पेढे पाठवले, वर फोनही केला. "तसबीर दुसऱ्या भिंतीवर लावली हो. आता तोंड वर करून ठेवली तर चालेल ना?"

"चालेल की," मी म्हटलं.

हल्ली कुणाची रायफल दुरुस्तीला आली की मी आधी घरात कोण कोण असतं ते विचारतो. इअरबड नंतर.