बाजारात न चालणारे बिल्ले

नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात ती भाजी विकायला बसते. नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या तागडीपाशी एक पत्र्याचा डबा असतो. त्यात बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांचे हजेरीचे बिल्ले, बँकेची पितळी टोकनं, कुठल्याशा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पदक, असं काहीबाही साठलेलं. गर्दीत कुणी नाण्यांत मिसळून असलं काही खपवलं, की बाकीचे दुकानदार भांडतात. ती मात्र ते पदरानं पुसते, डोळ्यांजवळ नेऊन निरखते आणि गिऱ्हाइकाला वर कोथिंबीर देते.

"कशाला घेता हे? चालत तर नाही," मी एकदा म्हणालो.

"बाजारात नाही चालत, भाऊ. पन कोनाची तरी चूल याच्यावरच पेटे. मले चालते."

माझ्या वडिलांचा जिनिंगचा बिल्ला घरी खुंटीला आहे. तो इतक्या जपणाऱ्या बाईकडे असावा असं वाटलं, म्हणून मागच्या बाजारी मी तो नाण्यांबरोबर गुपचूप तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटसुलट पाहिला.

"या जिनिंगचा माह्याजवळ एकही नाही," ती हरखून म्हणाली.

मग तिचं बोट भोकातल्या दोऱ्यावर थांबलं. तो दोरा आई दर दिवाळीला बदलते. भाजीवालीनं बिल्ला पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला आणि माझ्या हातावर परत ठेवला.

"दोरा नवा हाये, भाऊ. हा तं अजून तुमच्या घरात चालून राह्यला."

कोथिंबीर मात्र तिनं पिशवीत टाकलीच.