पासवर्ड ताईच टाकेल

चारचौघांनी वाचावं असं लिहिण्याइतका मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो आणि त्याबद्दल माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अजून बऱ्याच गोष्टी अडखळतच शिकतोय. पण ताईला विचारलं तर म्हणाली, "लिही. फक्त माझं नाव टाकू नको. भिते म्हणून नाही. नाव माझं आहे म्हणून."

ताई चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. शिफ्ट सुटली की तिच्या लाईनचा सुपरवायझर तिला मेसेज पाठवायचा. आधी 'जेवलीस का', आणि पुढे जे यायचं ते मी इथे लिहिणार नाही. ताईनं एकही मेसेज पुसला नाही. तिनं कंपनीच्या तक्रार समितीकडे अर्ज दिला, तसा एचआरच्या साहेबांचा निरोप आला : मोबाईल आमच्याकडे जमा करा, तपासल्याशिवाय तक्रार पुढे जाणार नाही.

आई घाबरली. "कामून वाढवायलीस? शिफ्ट बदलून माग की."

"त्यानं बदलावी. मी कामून बदलू?" ताई म्हणाली.

मोबाईल देण्याआधी आम्ही त्या सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट माझ्या जुन्या लॅपटॉपवर घेतले. मी ते एका फाईलमध्ये बांधले आणि तिला पासवर्ड लावला. फुकट मिळणारं साधं सॉफ्टवेअर आहे. आतल्या फोटोंची नावंसुद्धा झाकायची सोय त्यात आहे, तिथेही टिक केली. असं एन्क्रिप्शन केलं की पासवर्डशिवाय आत नुसता अक्षरांचा भुसा दिसतो, हे मी मोठ्या ऐटीत ताईला समजावलं.

"पासवर्ड काय ठेवलास?"

"तुझ्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल..." बोलता बोलताच माझी जीभ अडली. तिची पगाराची स्लिप याच साच्यातल्या पासवर्डनं उघडते. आधारची फाईलही तशीच. आणि ती स्लिप पाठवतं कोण? एचआर. ज्यांच्यापासून फाईल सांभाळायची, ताईचं नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच कॉम्प्युटरवर होती.

"वा रे इंजिनिअर! किल्ली चोराच्याच खिशात," ताई हसली आणि तिनं लॅपटॉप ओढून घेतला. "तिकडं बघ."

मी भिंतीकडे तोंड केलं. बटणांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अख्खं वाक्य टाकलंय. तुलाही सांगणार नाही."

"अगं, विसरलीस तर? यात 'पासवर्ड विसरलात का' असं काही नसतं. फाईल गेली म्हणजे गेली."

"विसरण्यासारखं नाहीये ते."

एक प्रत पेन ड्राईव्हवर तिच्या पर्समध्ये गेली, एक लॅपटॉपवर राहिली. कुलपासकट तिसरी आम्ही समितीवर बाहेरून नेमलेल्या वकीलबाईंना पाठवली.

काही दिवसांनी मोबाईल परत आला, तो कोरा करकरीत. अपडेट करताना सगळं उडालं म्हणे. आता जे काही होतं ते त्या फाईलमध्येच होतं.

समितीकडून फाईलचं कळल्यावर एचआरच्या साहेबांनी मला फोन केला. "तुम्ही भाऊ ना? शिकलेले आहात. तुमच्या ताईंना समजत नाही, तुम्हाला समजेल. फाईल आणि पासवर्ड दोन्ही मला पाठवून द्या, इथंच मिटवू."

मी संत तुकाराम नगरच्या बसस्टॉपवर उभा होतो. साहेब माणसाशी बोलताना मला आधी 'हो सर' सुचतं. तेव्हाही ओठांवर तेच आलं होतं.

"पासवर्ड मला माहीत नाही, सर. माहीत असता तरी दिला नसता. फाईल समितीसमोर उघडेल आणि ताईच उघडेल."

समितीपुढे काय झालं ते ताईनं घरी येऊन सांगितलं. पहिल्या वेळी पासवर्ड चुकला. साहेब हसून म्हणाले, "आत नक्की काही आहे ना, मॅडम?" ताईनं बोटं झटकली आणि एकेक अक्षर बघून पुन्हा टाकलं. फाईल उघडली. वकीलबाईंनी प्रत्येक मेसेज मोठ्यानं वाचला. साहेब खाली बघत होते. ताई समोर बघत होती.

त्यानंतर निकालाचं काहीच कळेना. ताई रोज कंपनीच्या बसनं जात राहिली. बसमध्ये कुणी शेजारी बसायचं नाही, म्हणून तिनं खिडकीची जागा धरली. आई रोज विचारायची, "सोडून दे ना आता." ताई डबा भरायची.

एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना तिची फाईल आली. सोबत एक शब्द नाही, आणि फाईलला कुलूप. मोबाईलवर कुलूप लावायचंही ती शिकली होती. मी फोन लावत राहिलो, पण जेवणाची सुट्टी संपली की त्यांचे मोबाईल पुन्हा गेटवरच्या लॉकरमध्ये जातात. शिफ्ट सुटेपर्यंत मी कॉलेजच्या जिन्यात ती बंद फाईल बघत बसलो.

अखेर तिचा फोन आला. मागे बसचा आवाज होता.

"आजूबाजूला कुणी आहे का?"

"नाही. बोल ना!"

"समितीचं पत्र आहे. घरी आल्यावर मीच उघडून दाखवीन. त्या सुपरवायझरला काढला. आणि मी उद्या फर्स्ट शिफ्टला आहे, त्याच लाईनला."