करदोड्याची चावी

मोहाडीच्या मोतीलाल विणकराचा स्वभावच संशयी. दूधवाला पाणी घालतो आणि शेजारचा धनीराम भिंतीला कान लावून बसतो, या दोन गोष्टींवर त्याची देवाइतकी श्रद्धा होती. त्यामुळे मागावरच्या पातळाचे धागे सकाळी तुटलेले, भलतेच सांधलेले दिसू लागले, तेव्हा त्याने चोर घरातच शोधला.

बोटांना राख लावून धागा सांधायची विणकरांची रीत. वाटीतली राख सांडलेली असे, म्हणजे हात जाणत्याचाच. आणि घरात दुसरा जाणता एकच, मुलगा नीलेश. तो भंडाऱ्याला मोबाईलच्या दुकानात कामाला जाई, आणि माग विकून टाका म्हणून वर्षभर बापाच्या मागे लागला होता. मोतीलालने मागाच्या खोलीला कुलूप ठोकलं, चावी कमरेच्या करदोड्याला बांधली. तरी सकाळी धागे भलतेच. एका रात्री त्याला जाग आली, तर नीलेश खाटेवर वाकलेला आणि त्याचा हात बापाच्या कमरेशी. पोटचा पोरगा असा निघावा!

सकाळी त्याने नीलेशची बॅग अंगणात फेकली. "निंग माझ्या घरातून. बापाची चावी चोरून राहिला."

मध्ये पडली ती नीलेशची आई, विमला. तिने मोतीलालची उशी आणून पुढ्यात टाकली.

"अवो, चोर तो हाये, त राख तुमच्या उशीले काहून?"

मोतीलालने आपली बोटं पाहिली. नखांत राख होती.

"तुमी झोपेत चालता, बाबा," नीलेश म्हणाला. "डाक्टरले विचारलो मी. सपन पडते तवा अंग ढिलं असते, हलत नाही. हे चालनं होते त्याच्या आधी, रातच्या पहिल्या गाढ झोपेत. हातपाय कामाले लागते, मन झोपूनच राहते. सकाळी काई याद राहत नाही. हलवून उठवू नोका, हात धरून आणा म्हणे."

रोज रात्री बाप झोपेतच कुलूप उघडून मागावर बसला, की नीलेश खोलीच्या दारात बसे. बापाचे हात थांबले की त्याला आणून निजवी, कुलूप लावी आणि चावी पुन्हा करदोड्याला बांधी.

"मंग सांगतला काहून नाही?"

"सांगतलो असतो, त तुमी मानले असते का?"

नीलेशने बॅग उचलून खांद्याला लावली होती. मोतीलालला फार शरम वाटली. त्याने करदोड्याची गाठ सोडली आणि चावी पोराच्या हातावर ठेवली.

"तू गेला, त मले रातच्याले हात धरून आणणार कोण?"