आखाजीला विचारायचं असतं

त्या वर्षी आखाजीला माहेरी जायचं मी ठरवलं, आणि येताना आबांना सोबत घेऊन यायचं हेही तेव्हाच ठरवून टाकलं. आबा म्हणजे माझे वडील. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यात ते एकटेच राहत, आणि मी नाशिकला टेलिफोन खात्यात नोकरीला. आम्ही नवरा-बायकोनं मागची खोली रंगवून घेतली, एक लाकडी पलंग आणला आणि मी पत्र टाकलं, 'खोली तयार आहे. आखाजी झाली की तुम्ही माझ्याबरोबर यायचं.' उलट टपाली कार्ड आलं: 'ये. आखाजी आणि निवडणुकीचा प्रचार यंदा एकाच वेळी आहे, गंमत बघशील.' पलंगाबद्दल एक अक्षर नाही. मी तो होकार समजले. स्वतःला हुशार समजणारी माणसं असंच करतात.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेत असतील, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. दिवाळीला नाही बोलावलं तर लेक एक वेळ समजून घेईल, आखाजीला नाही बोलावलं तर जन्मभर ऐकवेल.

नाशिकहून सकाळची एसटी धरली. मालेगाव मागं पडलं की खिडकीतून येणारा वारा बदलतो. वारा कसला, तव्यावरची वाफच ती. मी डोक्याला ओला रुमाल बांधून बसले होते आणि तो धुळ्यापर्यंत चारदा वाळला. तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी दुप्पट घ्या आणि पांढरी टोपी घालायला लाजू नका. धुळ्याला स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी काढणारी, वर तेलाची लाल तर्री, सोबत कांदा आणि लिंबू. वाढप्यानं न मागता रस्सा आणखी ओतला. माहेर इथून सुरू होतं, असं मला दर वेळी वाटतं.

धुळ्याहून जळगावची गाडी पारोळा, एरंडोल करत जाते. माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे टोपीवाले बसले होते. गाडी सुटायच्या आत त्यांची निवडणूक सुरू झाली.

"औंदा साहेबनं काय खरं नही," एक म्हणाला.

"कसाले? ही सडक कोणी करी?"

"सडक त्यानीच करी. पन तो या सडकवरतीन येस कवय? तो ते वरतीन उडी जास!"

आख्खी गाडी हसली. मी नाही हसले, कारण साहेब म्हणजे आमच्या घरातला विषय. नाव लिहीत नाही, गावातही कोणी घेत नसे. तीस वर्षं आमच्या भागातून दिल्लीला निवडून जाणारे, मंत्री झालेले, देशभर ओळखले जाणारे पुढारी. पहिल्या निवडणुकीला ते सायकलवर आले होते. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी भरीत-भाकरी खाल्ली आणि हात जोडून आबांना विचारलं, "मला पाठवाल का दिल्लीला?" तेव्हापासून आबा त्यांचे. आजूबाजूची पाच गावं आबांच्या शब्दावर मत द्यायची. पुढं सायकलची जीप झाली, जीपची काळ्या काचांची मोटार झाली आणि शेवटी हेलिकॉप्टर. ओट्यावर येणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गावात टेम्पो यायचा आणि साहेबांचं भाषण कॅसेटवर लागायचं.

एरंडोल फाट्यावर आबा उन्हात उभे होते. वाळले होते. मला बघून म्हणाले, "उनी का, माय?" आणि माझी पिशवी घेतली. मला तिथंच रडू आलं. मनात म्हटलं, बस्स, आता यांना इथं ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी एरंडोलला साहेबांची सभा होती. गावातल्या जाणत्यांनी आबांना गळ घातली होती की काही करा, साहेबांना दहा मिनिटं गावात आणा. माणसं रागावलेली नव्हती, रुसलेली होती. कालव्याचं काम अर्धवट होतं, तेही एक होतंच. पण त्याबद्दलसुद्धा लोक म्हणायचे, येऊन सांगा ना, नाही जमत म्हणून सांगा. आबांनी शेतातलं सगळ्यात मोठं डांगर पिशवीत घातलं. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज, वासानं सगळी एसटी भरून टाकणारं. मला म्हणाले, "चाल, तू बी देख."

सभा भर उन्हात. मांडवाखाली बायका पदरानं वारा घेत होत्या. साहेब व्यासपीठावर आले आणि समोरच्या गर्दीतून त्यांनी आबांना ओळखलं. हाक मारून वर बोलावलं, मिठी मारली, डांगराचा वास घेतला आणि लहान मुलासारखे हसले. त्या माणसाचं प्रेम खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून ते माइकवर म्हणाले, "इथं मला मत मागायची गरज नाही. हे माझं घर आहे. घरात कोणी विचारतं का? हे आबा आहेत, म्हणजे मतं माझीच!"

टाळ्या कडाडल्या. माझा ऊर भरून आला. आबांनी हात जोडले आणि खाली उतरले. दहा मिनिटांची गोष्ट काढायला वेळच मिळाला नाही, साहेबांना पुढं चोपड्याला उडायचं होतं. डांगर मात्र त्यांनी कुणाकडे न देता स्वतः काखेत धरून नेलं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "आबा, केवढा मान दिला तुम्हाला!"

"मान ते दिधा," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पन त्यास्नी इचारं नही."

मला वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. इतकं सगळं मिळाल्यावर आणखी विचारायचं काय राहिलं?

आखाजीच्या दिवशी सकाळी आईच्या नावानं घागर भरली. नवी मातीची घागर, वर छोटं डांगर, शेजारी पुरणपोळी आणि आमरस. ती मांडताना आबा मध्येच थांबले. मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला. दुपारी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर मी इतर माहेरवाशिणींबरोबर पोटभर झुलले, वयाला न शोभेल इतकं. पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटत होती. आखाजीला पत्त्यांना सगळं माफ असतं, एरवी ओरडणाऱ्या बायकाही त्या दिवशी चहा पाठवतात.

चारच्या सुमाराला आबांनी धुतलेली टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल, सुपडूकडे जाऊ."

सुपडूभाऊ आमचा सालदार. शेतावरच्या गड्याचं साल आमच्याकडे आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. त्या दिवशी गडी मोकळा. बैलांचा कासरा मालकाच्या ओट्यावर ठेवून तो आपल्या घरी जातो, आणि पुढच्या सालाचं नव्यानं बोलणं होतं. बरेच मालक निरोप धाडतात. आबा स्वतः कासरा घेऊन जात. बावीस वर्षं तेच दार, तोच प्रश्न, तेच उत्तर. लहानपणी मला हे सगळं नाटक वाटायचं. सुपडूभाऊ राहणार हे आमच्या बैलांनाही ठाऊक होतं.

सुपडूभाऊ नवा सदरा घालून दारात बसला होता. आबांना बघून उठला, त्यांच्यासाठी बाज टाकली. आबा बसले नाहीत. उभ्यानंच कासरा पुढं धरून म्हणाले, "सुपडूभाऊ, औंदा राहशी का?"

सुपडूभाऊनं लगेच हात पुढं केला नाही. थोडा वेळ जमिनीकडे बघितलं, जणू आत खरोखरच काही ठरत होतं. मग दोन्ही हातांनी कासरा घेतला. "राहसू, आबा. तुम्ही इचारं ना."

त्याची बायको चहा घेऊन आली आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आबा पुढच्या सालाचं बोलत होते. म्हणजे पुढचं वर्षभर ते इथंच राहणार होते.

"मंग आबा, नाशिक?" मी म्हटलं. "मी पत्र लिहिलं होतं ना?"

आबा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. आई गेल्यापासून ते माझ्याशी ज्या मऊ आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाले, "तू कवय इचारं, माय? तू ते सांगं."

खरंच, मी कधी विचारलं होतं? नुसतं सांगितलं होतं. खोलीचा रंग मी निवडला, पलंग मी निवडला, शेत बटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कुणाला द्यायचं तेही मनात ठरवून मोकळी झाले. सगळं प्रेमानंच केलं होतं. साहेबांनीही खांद्यावर हात प्रेमानंच ठेवला होता. मला लाज वाटली, फार वाटली.

संध्याकाळी पारावर पत्ते बाजूला सारून माणसं आबांभोवती जमली. कुणीतरी म्हणालं, "बठ्ठं गाव तुम्हनाकडे देखी राह्यनं, आबा. सांगा मंग."

"औंदा मी काही सांगस नही," आबा म्हणाले. "ज्यानं त्यानं आपलं मन इचारा."

"साहेब वाईट माणूस शे का?"

"नही रे. चांगला माणूस शे. पन चांगला माणूसले बी इचारनं पडस."

तीस वर्षांचा शब्द त्यांनी असा ओट्यावर कासरा ठेवावा तसा ठेवून दिला. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावून बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. मी जवळ जाऊन बसले. त्यांना ते सोपं गेलं नव्हतं.

परतताना मी जळगावहून रेल्वेनं निघाले. आबा सोडायला आले. फलाटावर त्यांनी केळीचा अर्धा घड माझ्या मांडीवर ठेवला, दोन माणसांच्या घरात एवढं कोण खाणार हा विचार न करता. मी डब्यात चढले, गाडीनं शिटी दिली. मी खिडकीतून त्यांचा हात धरला.

"आबा, मनाकडे, नाशिकले, राहशात का?"

काय खुलला तो चेहरा! "पुढली आखाजीले इचारजो," ते म्हणाले, आणि गाडी हलली तरी हात सोडेनात.

निकाल लागला. साहेब पडले. आमच्या पाच गावांनी कुणाला मतं दिली हे आबांनी कधी सांगितलं नाही, स्वतःचंही नाही. पावसाळ्यानंतर त्यांचं कार्ड आलं. 'साहेब येऊन गेले. एकटेच होते. ओट्यावर बसले, चहा घेतला. माझं काय चुकलं, म्हणाले. बरं वाटलं. इतक्या वर्षांनी त्यांनी काही विचारलं.'

आता तो रस्ता चौपदरी झालाय, नाशिकहून एरंडोल गाठायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. जाणार असाल तर भरितासाठी थंडीत जा, पद्मालयाचं कमळांचं तळं बघा, पण एक आखाजीही बघून ठेवा. मी दर वर्षी जात राहिले आणि दर वर्षी विचारत राहिले. सहा वर्षं एकच उत्तर मिळालं. मागच्या खोलीतल्या पलंगावर आम्ही गाद्या रचून ठेवायचो, तो कुणाला दिला मात्र नाही.

सातव्या आखाजीला मी गेले तेव्हा सुपडूभाऊ थकला होता, शेत त्याच्या मुलानं बटाईनं घेतलं होतं. आबा ओट्यावर बसलेले, डोक्याला धुतलेली टोपी, पायाशी भरलेली पिशवी. मला सगळं दिसलं. तरी ते उठेनात, माझ्याकडे बघत तसेच बसून राहिले. मग मी चप्पल काढली, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं.