काटकोनांनी काढलेला गोठा

काटकोन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला कुणाच्याही घरी पाणी प्यायला टेकल्या टेकल्या, तुमची चौकट डावीकडे कललीय हे सांगितल्याशिवाय राहवत नसेल, तर लोक दुसरं काय म्हणणार? गुडघे गेले, शिडीचं नाव काढायचं नाही अशी डॉक्टरांनी तंबी दिली आणि काटकोन घरी बसले. घरी म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर. आठ दिवसांत त्यांनी सगळी कपाटं सरळ केली आणि बायकोचं डोकं फिरवलं. शेवटी लेक त्यांना आपल्या दुकानात घेऊन गेली.

तिचं दुकान लेबलं, पाट्या, खोक्यांवरची चित्रं करून देण्याचं. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि कागदाच्या गठ्ठ्यावर झोपणारं मांजर. तिनं जुना कॉम्प्युटर बाबांपुढे ठेवला, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडून दिलं आणि मनात म्हणाली, चला, महिनाभर तरी गुंततील. बाबांनी माऊस रंध्यासारखा दोन्ही हातांनी धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "यातला एक पिक्सेल म्हणजे किती सूत?"

लेकीनं कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर त्या माणसानं सहा महिन्यांत जे आत्मसात केलं, त्याला तोड नव्हती. प्रत्येक बटणाचं काम वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. रोज सकाळी मालकिणीच्या आधी दुकानात हजर. चुकलेली रेघ एका बटणानं मागे घेता येते हे कळलं, त्या दिवशी तर ते जेवण विसरले. "लाकडात अशी सोय असती ना," म्हणाले, "तर आम्ही एखादं जंगल वाचवलं असतं."

मग गोठ्याचं काम आलं. दुधाचा मोठा धंदा असलेल्या एका बाईंना बाटलीच्या लेबलावर आपल्या जुन्या गोठ्याचं चित्र हवं होतं. दगडी जोतं, लाकडी भिंती, वर चाऱ्याचा माळा, कौलारू छप्पर आणि भलंमोठं दार. बाईंनी समोरून काढलेला फोटो पाठवला होता. दुकानाचं हे सर्वांत मोठं गिऱ्हाईक, आणि लेबल गुरुवारी संध्याकाळी छापखान्यात पोचायला हवं होतं. तरी लेकीनं ते बाबांना दिलं.

दुसरा कुणी फोटो गिरवून, रंग भरून चहाला गेला असता. काटकोनांनी गोठा बांधायला घेतला. आधी जोत्याचे दगड, मग खांब, खांबांवर वासे, प्रत्येकाचा वेगळा लेयर, प्रत्येक लेयरला नाव. भिंतीच्या फळ्या सगळ्यात शेवटी, म्हणजे आतलं सगळं झाकून जाणार.

"बाबा, हे आतलं कुणाला दिसणार आहे?"

"मग छप्पर कशावर ठेवू? रंगावर?"

गुरुवारी सकाळी मात्र बाबांचा हात थांबला.

"बसत नाही," ते म्हणाले.

"काय बसत नाही?"

"छप्पर. जोत्याच्या मापानं खांब सरळ उभे केले, तर फोटोतलं छप्पर त्यांच्यापेक्षा रुंद होतंय. आणि कौलांना इतका सपाट उतार कुणी देत नाही."

"कॅमेऱ्यानं वाकडं दिसतं हो. ओढून सरळ करा, एका क्लिकचं काम."

"कॅमेऱ्यानं वाकलं असतं तर शेजारचा दिव्याचा खांबही वाकला असता. तो बघ, कसा सरळसोट उभा आहे." त्यांनी चष्मा काढला. "दोन्ही भिंतींना वरून धरून ठेवणारी आडवी तुळई असते. ती कुणीतरी काढलीय. छप्पर भिंतींना बाहेर ढकलतंय, पोरी. बाईंना फोन लाव. आत कुणी थांबू नका म्हणावं."

लेकीनं फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला सांगायचं काय? आम्ही तुमच्या गोठ्याचं चित्र काढलं, त्यावरून कळलं की तो पडणार आहे? आणि बाबा चुकले असतील तर सगळा बाजार त्यांना हसेल, हे दुःख तर गुडघ्यांपेक्षा मोठं. तिनं बाबांकडे पाहिलं. एरवी एका बिजागरीवरून तासभर वाद घालणारा माणूस आज वाद सोडून बाईंचा नंबर शोधत होता. त्याचीच तिला भीती वाटली. तिनं फोन लावला.

बाई आधी मनापासून हसल्या. "अहो, सत्तर वर्षं उभा आहे तो!"

"वरती मधोमध आडवी तुळई आहे का?" लेकीनं विचारलं.

"होती की. चाऱ्याची गाडी आत जाईना म्हणून मागच्या वर्षी कापून टाकली. का हो?"

बाबांनी फोन हातात घेतला. "बाई, दोरीला दगड बांधा आणि भिंतीच्या वरच्या टोकावरून बाहेर सोडा. खाली दगड भिंतीपासून किती लांब राहतो, तेवढं सांगा. मी चुकलो असेन तर खुशाल वेड्यात काढा."

अर्ध्या तासानं फोन वाजला तेव्हा बाईंचा आवाज पार बदलला होता. "एक वीत आणि वर चार बोटं."

बारा वाजायच्या आत बावीस गाई अंगणात आल्या. तीनला तिथला सुतार आला आणि बाहेरून टेकू दिल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही, असं म्हणाला. फोनवर हे सांगताना बाई रडायलाच लागल्या. "आमचा गडी रोज दुपारी त्याच माळ्याखाली झोपतो हो."

लेकीला भरून आलं. बाहेर जाऊन दुकानादुकानातून ओरडून सांगावं, हे माझे बाबा आहेत, असं तिला वाटलं. ती वळली, तर बाबा केव्हाच कामाला लागलेले. त्यांनी भिंती सरळ केल्या होत्या आणि आता ते दोन खांबांच्या मधे एक जाडजूड तुळई बसवत होते, खुंट्यांसकट, अगदी मन लावून.

"बाबा, पाच वाजले. फळ्या लागल्या की ही दिसणारसुद्धा नाही. चित्रात दारही बंद आहे."

"नाही दिसली तर नाही दिसली," पडद्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले. "आत गाई आहेत."

लेकीनं छापखान्याला फोन केला आणि लेबल उद्या सकाळी देते म्हणून सांगितलं.