डावी बाजू उशिरा दाखवणारा लॅपटॉप

दुकानात शिरलं की विक्रेता आधी आमच्या मागे बघायचा. ज्याच्यासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायचा तो मुलगा मागून येत असेल, असं त्याला वाटायचं. मागून कुणीच यायचं नाही. त्रेचाळीस वर्षांची मी आणि सत्तर वर्षांचे बाबा, एवढीच आमची वरात. बाबांच्या हातात भाजीची कापडी पिशवी आणि पिशवीत स्टिअरिंग.

बाबांनी बत्तीस वर्षं शहराची लाल बस चालवली. निवृत्त झाल्यावर दहा वर्षं एका शेटच्या गाडीवर होते. शेट गेले, त्यांच्या मुलांनी गाडी विकली, आणि बाबांच्या हातातलं चाक सुटलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती. आई आधीच गेलेली. लालबागच्या आमच्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्याच्या खिडकीशी बसून ते खालची वाहतूक बघायचे आणि एकेका ड्रायव्हरची चूक मला स्वयंपाकघरात ऐकू येईल अशा आवाजात सांगायचे. मग हळूहळू तेही सांगेनासे झाले. त्याची मला जास्त काळजी वाटू लागली.

अशात ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्याकडे धूळ खात पडलेलं गेमचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे पेडल मला दिले. बस चालवायचा एक गेम असतो, हेही तिनेच सांगितलं. मी तो ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकला. बाबा खुर्चीत बसले, बस सुरू केली, डेपोच्या गेटापर्यंत आणली आणि चित्र जे थिजलं ते थिजलंच.

"ब्रेकडाऊन," बाबा म्हणाले आणि उठले. पण उठताना हसले. महिन्याभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्याच क्षणी मी ठरवलं, की ह्या माणसाला पुन्हा चाकावर बसवायचं. मग तो लॅपटॉप केवढ्याला का पडेना.

आता, मी वीस वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पेन्सिली घ्यायच्या असल्या तरी आम्ही तीन कोटेशनं मागवतो आणि तुलनेचा तक्ता करतो. माझ्या रक्तातच ते भिनलंय. मी वही काढली, रकाने आखले: ग्राफिक्स कार्ड, रॅम, स्क्रीनचा रिफ्रेश रेट, पंख्याचा आवाज, तापणं, शेरा. आठवडाभर रोज ऑफिसला जाता-येता परीक्षणं वाचली. एका सेकंदात स्क्रीनवर चित्र किती वेळा बदलतं त्याला रिफ्रेश रेट म्हणतात, तो कमी असला की चित्र मागे पडतं, हे मी समोर येईल त्याला सांगत सुटले.

पहिलं दुकान परळच्या मॉलमधलं. बाबांची परीक्षेची पद्धत वेगळीच होती. लॅपटॉप चालू केला की ते डोळे मिटून पंखा ऐकायचे. मग कीबोर्डवर पालथा हात ठेवायचे, मग चक्क खाली वाकून मागच्या जाळीचा वास घ्यायचे.

"घाटात तापेल का हा?" त्यांनी विचारलं. विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं.

दुकानात बसचा गेम नव्हता, मोटारींच्या शर्यतीचा होता. बाबांनी स्टिअरिंग जोडून घेतलं आणि शर्यतीत चाळीसच्या वेगाने गाडी चालवली. डाव्या कडेने, शिस्तीत. बाकीच्या गाड्या तीन-तीन फेऱ्या मारून गेल्या. बाबा शेवटून पहिले आले.

"अंकल, दाबा ना जरा!" विक्रेता कळवळून म्हणाला.

"पुढे शाळा असली तर?" बाबा म्हणाले.

मी हसून बेजार. पण उठताना बाबा म्हणाले, "नको हा. डावी बाजू उशिरा दाखवता. गाड्ये एकदम उगवतत." ते रागात किंवा काळजीत असले की गावची मालवणी अशी वर येते. मला स्वतःला तसं काही दिसलं नव्हतं. पण बत्तीस वर्षांत बसला ओरखडा न पाडलेल्या माणसाच्या नजरेपुढे माझी नजर ती काय? मी शेऱ्यात ऐटीत लिहिलं: डावीकडे रिफ्रेश रेट कमी.

दुसरं दुकान दादरचं. तिथला लॅपटॉप आणखी भारी, स्क्रीन तर अशी की डोळे दिपावेत. बाबांनी पंखा ऐकला, हात ठेवला, शर्यतीत पुन्हा सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि पुन्हा तेच म्हणाले, "डावी बाजू." विक्रेता मला स्क्रीनचे आकडे ऐकवायला लागला. "आकडे मला सांगू नका," मी म्हटलं, "गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐका." माझ्या तोंडाला लागू नये, ह्यावर घरात आणि ऑफिसात एकमत आहे. त्यालाही ते लगेच पटलं.

तिसरं गिरगावातलं, एका वाडीच्या तोंडाशी असलेलं छोटं दुकान. आम्ही लालबागहून बसने गेलो. बाबा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले आणि प्रत्येक गिअरला मान हलवत आले. दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ होते, गळ्यात दोरीला चष्मा, शर्टाच्या आत बारीक क्रॉस. ते मात्र आमच्या मागे बघत बसले नाहीत. बाबांना खुर्ची दिली, बसच्या गेमसाठी लॅपटॉप हवाय हे विचारून घेतलं, स्टिअरिंग स्वतः जोडलं आणि बाबा गाडी चालवत असताना स्क्रीनकडे न बघता बाबांकडे बघत राहिले.

"ह्याचीपण डावी बाजू उशिरा," बाबा म्हणाले आणि हात पुसत दाराशी जाऊन उभे राहिले.

मी वही उघडली. "फ्रेम तुटतायत तुमच्या डावीकडे."

"फ्रेम म्हणजे अख्खं चित्र, मॅडम, तुटली तर अख्खी तुटते. नुसती डावी कशी तुटेल?" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "रागावू नका हां. अंकलचे डोळे कधी चेक केले? माझ्या मम्मीला पण..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "माल तुमचा खराब आणि नावं माझ्या वडिलांच्या डोळ्यांना ठेवता?" असं म्हटलं, आणि आणखीही बरंच काही म्हटलं, जे आता आठवलं की कान गरम होतात. बाजूचा स्टेशनरीवालासुद्धा बाहेर येऊन बघायला लागला. ते गृहस्थ मान खाली घालून उभे राहिले. मी पिशवी उचलली आणि बाबांना घेऊन तरातरा निघाले.

राग आला की मला भूक लागते. जवळच्याच उपाहारगृहात आम्ही बसलो. बाबांसाठी पियूष सांगितलं, माझ्यासाठी साबुदाणा वडा. तो येईपर्यंत मी तिसऱ्या कोटेशनचा शेरा लिहायला घेतला. डावीकडे उशीर. वरच्या ओळीत तेच. त्याच्या वरच्या ओळीत तेच. नोकरीला लागले तेव्हा माझे पहिले साहेब म्हणाले होते, तिन्ही पुरवठादारांच्या मालात एकच दोष निघाला तर तो दोष आपल्या मागणीपत्रात शोधायचा. मी पेन खाली ठेवलं.

"माझं पियूष काय दूध तापवून करतायत?" बाबा म्हणाले.

पियूष येऊन पाच मिनिटं झाली होती. वेटरने ते त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं होतं. मी पेला सरकवत त्यांच्या उजवीकडे आणला.

"हां, आलं एकदाचं," ते म्हणाले आणि प्यायला लागले.

बाबांच्या पांढऱ्या मिशीला लागलेलं पियूष मी बघत राहिले आणि माझी मलाच इतकी लाज वाटली, की वहीतले तिन्ही शेरे मी तिथेच खोडले.

दुसऱ्याच दिवशी परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. समोर कुठे-कुठे बारीक दिवा लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. "हापण गेमच दिसतोय," बाबा म्हणाले. मी शेजारी उभी होते. बटणाचा आवाज यायचा, मग कितीतरी वेळ यायचाच नाही. नंतर डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. त्यावर डावीकडे एवढा मोठा काळा डाग होता. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डाव्यात जास्त.

"अहो, मग मला कळलं कसं नाही?" बाबा म्हणाले. "मला तर सगळं दिसत होतं."

"कळत नाही, काका. हळूहळू जातं. आपण मान वळवून भागवून नेतो." बाई समजूतदार होत्या. "गेलंय ते परत येणार नाही. पण राहिलंय ते सांभाळता येईल. वेळेवर आलात. थेंब चुकवू नका."

"गाडी?"

"रस्त्यावर नको, काका."

परळहून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालले. घरी आल्यावर त्यांनी खिशातून लायसन्स काढलं आणि माझ्या हातात दिलं. "कपाटात ठेव." मी ते ठेवलं आणि कपाटाच्या दाराआड उभी राहून रडून घेतलं.

थेंबांच्या बाबतीत मात्र त्यांना सांगावं लागलं नाही. डेपोत ड्युटीवर एक मिनिट उशिरा न गेलेला माणूस तो. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, घड्याळ लावून. महिन्याने डोळ्यातला दाब उतरला. डॉक्टरबाई खूश, मी खूश. पण लॅपटॉपचं नाव काढलं की बाबा मान हलवायचे.

"ज्याका डावी बाजू दिसत नाय त्याने बस चालवूची नाय. खोटी असली तरी."

मी म्हटलं, बरं, लॅपटॉप नको, पण गिरगावात मला एका माणसाची माफी मागायची आहे, त्याला सोबत या. ते आले. स्टिअरिंगची पिशवी मीच घेतली होती. त्यांनी ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

दुकानात मी सरळ सांगितलं, "मी त्या दिवशी फार वाईट बोलले. तुमचं बरोबर होतं." पुढची वाक्यं मी पाठ करून आणली होती, ती सगळी विसरले.

"वेळेत गेलात ना डॉक्टरकडे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग झालं. मम्मीच्या वेळेला आमच्या माझगावात सगळे म्हणाले म्हातारपण आहे. मीपण म्हणालो." एवढंच बोलून ते आत गेले आणि तो लॅपटॉप घेऊन आले. "अंकल, तुम्ही परत याल असं वाटलं होतं. बसचा गेम टाकून ठेवलाय. आणि एक सेटिंग केलंय, बघा."

डाव्या आरशात जे दिसतं, ते त्यांनी स्क्रीनच्या वर, उजवीकडे, पोस्टकार्डाएवढं मोठं करून आणलं होतं.

बाबा बराच वेळ त्या आरशाकडे बघत राहिले. "नुसतं बघतो," म्हणाले आणि बसले. पंख्याला कान दिला नाही की जाळीचा वास घेतला नाही. बस डेपोच्या गेटातून बाहेर पडली. चित्र कुठे अडखळलं नाही. मोठं वळण आलं तेव्हा बाबांनी मान पूर्ण डावीकडे नेली, मग आरसा बघितला, मग चाक फिरवलं.

पहिला थांबा आला. बाबांनी बस अगदी कडेला, फुटपाथला समांतर लावली. दारं उघडली. स्क्रीनवरचे चार प्रवासी चढले. दारं मिटली.

बस हलेना.

बाबांचे दोन्ही हात चाकावर, नजर समोर. मागून हॉर्न वाजायला लागले. "हँग नाही झालाय, मॅडम," दुकानदार माझ्या कानाशी पुटपुटले. ते मला दिसतच होतं. डावीकडचं काहीतरी बाबांना दिसत नव्हतं, आणि दिसल्याशिवाय गाडी हलवणारे ते नव्हेत. मला वाटलं, कशासाठी मी ह्यांना इथे ओढून आणलं? आता ते उठतील आणि पुन्हा कधी बसणार नाहीत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले.

"किती वेळ गो?" बाबा समोरून नजर न काढता खेकसले. "डबल बेल कोण देणार?"

कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय बत्तीस वर्षांत त्यांनी थांब्यावरून गाडी काढली नव्हती. मी वाकून काचेच्या काउंटरवर अंगठीने दोनदा टकटक केलं. बाबांनी मान डावीकडे नेली, आरसा बघितला आणि बस सोडली.